सेप्टिक टँक सफाईची सक्शन-जेटिंग गाडी (सिंहगड रोड, पुणे) – पाचपैकी साडेचार

सिंहगड रोडच्या पुढच्या टोकाला, २०२१ ला जी २३ गावं पुण्याच्या हद्दीत घेतली त्यातल्या एका गावात आमची सोसायटी आहे (त्याआधी २०१७ ला ११ घेतली होती). ड्रेनेजची मेन लाईन आमच्या गल्लीत अजून नाहीये, ग्रामपंचायतीच्या काळात बिल्डिंग झाली तेव्हा जो सेप्टिक टँक आणि शोषखड्डा केला त्यावरच अख्खी बिल्डिंग चालते. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर तळमजल्याच्या बाथरूममध्ये पाणी उलटं यायला लागलं, फ्लश केलं की जाळीतून बुडबुडे, आणि पार्किंगमध्ये असा वास की लोक नाकाला रुमाल लावून गाडी काढायचे. तेव्हा एका लोकल गाडीवाल्याला बोलावलं, त्याच्या कामाचा हा रिव्ह्यू. या भागात असल्या टँकवर चालणाऱ्या सोसायट्या खूप आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी दुसऱ्या एकाकडून कोटेशन घेतलं होतं. ते स्वस्त होतं, पण त्याची पद्धत अशी की टँकरने वरचं पाणी ओढायचं आणि खालचा घट्ट गाळ दोन पोरं आत उतरून बादलीने काढणार. आम्ही तिथल्या तिथे नाही म्हणालो. टँकच्या आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो, या दुसऱ्या वायूला थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वासच येईनासा होतो, माणसाला वाटतं गॅस गेला आणि तो खाली उतरतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, पेपरात एकाच टँकमध्ये दोघं-तिघं गेल्याच्या बातम्या येतात त्या अशाच. आणि हे फक्त ठेकेदाराचं पाप नाही बरं का, २०१३ च्या कायद्याने गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये धोकादायक पद्धतीने माणूस उतरवून साफसफाई करायला बंदी आहे, काम करून घेणाऱ्यालाही ती लागू होते, पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. आमच्या कमिटीतल्या बऱ्याच जणांना यातलं काही माहीत नव्हतं.

तर हा गाडीवाला. फोनवर त्याने पहिल्यांदा रेट सांगितलाच नाही, टँक केवढा, झाकणं किती, गेटपासून किती लांब, शेवटचा कधी उपसला हे सगळं विचारलं. सकाळी गाडी आली ती सक्शन (गाळ ओढून घेणारा पंप) आणि जेटिंग (प्रेशरने पाणी मारणं) दोन्ही असलेली, बरोबर ड्रायव्हर धरून तिघं, हातात ग्लोव्हज, पायात गमबूट. आल्या आल्या सगळी झाकणं उघडली आणि बराच वेळ नुसती उघडी ठेवली, भोवती दोरी बांधली, पोरांना लांब पाठवलं, आणि एकाला विडी पेटवताना बघून ऑपरेटर मामा जे ओरडले ते वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

झाकणातून टॉर्च मारून त्यांनी मला आत दाखवलं. वर वीतभर जाड तपकिरी थर, खाली पाणी, आणि बांबू घातला तर तळाला गाळ एवढा की मधे पाण्याला जागाच उरली नव्हती. टँकचं काम एवढंच असतं की जड ते खाली बसावं, तेल-तूप वर तरंगावं आणि मधलं पाणी शोषखड्ड्यात जावं, ती मधली जागा संपली की मैला सरळ पुढे जातो आणि खड्डाच बुजतो. दर दोन-तीन वर्षांनी उपसायला पाहिजे असं म्हणतात ते यासाठी.

गाळ घट्ट होता, पाईप नुसता फुर्रफुर्र करत होता. तेव्हा आमच्यातलेच एक काका म्हणाले, अहो एका पोराला पाच मिनिटं उतरवा ना, फावड्याने हलवेल, पटकन होईल. मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, माणूस आत जाणार नाय. वेळ लागू द्या, पायजे तर पैसे कमी द्या, पण माणूस नाय." आणि मग वरूनच प्रेशरचं पाणी मारून गाळ पातळ करत करत ओढला, दुपार झाली, पण केलं. मी रिव्ह्यू लिहायला बसलो ते या एका वाक्यामुळे. त्यांनी गाळाचा थोडा थर मुद्दाम तळाला ठेवला, त्यातल्या जिवाणूंवरच टँक परत चालू होतो म्हणाले, आणि ॲसिड-फिनाईल ओतू नका हेही बजावून सांगितलं.

चेंबरमधली लाईनही चोक होती. जेटिंगचा नोझल बघण्यासारखा असतो, त्याची पाण्याची धार मागच्या बाजूला असते म्हणून तो स्वतःच पाईपमध्ये पुढे सरकत जातो, खालच्या चेंबरमधून वरच्या दिशेने घालतात आणि मागे ओढताना सगळी घाण खालच्या चेंबरमध्ये येऊन पडते. आमच्याकडे काय निघालं तर सॅनिटरी पॅड, वेट वाईप्सचे गोळे आणि थिजलेलं तेल. त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, नोटीसपेक्षा तो जास्त कामाला आला.

आता दुसरी गोष्ट, जी कोणी विचारत नाही. उपसलेलं जातं कुठे? रात्री ओढ्यात नाहीतर मोकळ्या प्लॉटवर टँकर सोडून देणारे असतात, आणि तोच ओढा पुढे मुठेला मिळतो. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसचे (गुलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट सापडले ते याच पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, आणि संशय पाण्यावर होता, काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडले. नदी सुधारायला जपानच्या जायका या सरकारी संस्थेच्या मदतीचा प्रकल्प आहे, ११ नवे एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारे प्लँट), मिळून रोज ३९६ दशलक्ष लिटरचे, पण प्लँट कितीही बांधले तरी आपला टँकर तिथपर्यंत गेलाच नाही तर काय उपयोग. या गाडीवाल्याने एसटीपीवर गाडी खाली केल्याची पावती बिलाला जोडून दिली. आम्ही मागितली होती म्हणून दिली हेही सांगतो, त्यामुळे तुम्हीपण मागा, आणि पैसे पावती बघूनच द्या.

अर्धा स्टार कापला तो वेळेसाठी, सातला येतो म्हणून साडेनऊला आले, फोनही उचलत नव्हते, आणि त्यात ऑफिसला जाणाऱ्यांच्या गाड्या आत अडकल्या. मशीनचा आवाजही भरपूर, घरात तान्हं बाळ किंवा पेशंट असेल तर आधी सांगून ठेवा. रेट स्वस्त गाडीपेक्षा साधारण दीडपट पडला, फ्लॅटमागे वाटला तर एका पिझ्झ्याचे पैसे, मला तो अजिबात जास्त वाटत नाही.

बोलावणार असाल तर टँकची सगळी झाकणं कुठे आहेत ते आदल्या दिवशी शोधून ठेवा, बऱ्याच सोसायट्यांत ती पेव्हर ब्लॉकखाली गेलेली असतात, आणि गाडी येऊन नुसती उभी राहिली तरी वेटिंगचे पैसे लागतात. गेटची उंचीपण मोजून सांगा.