श्रोत्यांसाठीचा अभ्यासक्रम: तालात पक्का, ख्यालात तोकडा

शास्त्रीय संगीत गायला शिकवणारे वर्ग पुष्कळ आहेत. ज्याला केवळ ऐकायचे आहे, त्याची सोय मात्र क्वचितच कोणी केलेली असते. म्हणून नवख्या श्रोत्यांसाठी तयार केलेला, १२ ध्वनिमुद्रित पाठांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी घेतला आणि दीड महिन्यात पूर्ण केला. त्यापूर्वी मैफलीत बसल्यावर ‘हे संपणार कधी’ एवढा एकच प्रश्न मला पडत असे, हे आधीच सांगितलेले बरे.

या पाठांची सुरुवात रागांच्या नावांनी किंवा घराण्यांच्या इतिहासाने होत नाही, ही त्यांची सर्वांत जमेची बाजू आहे. पहिले तीन पाठ निव्वळ तालाचे आहेत. त्रितालाच्या १६ मात्रा, म्हणजे तालाचे समान ठोके, बोटांच्या पेरांवर मोजून घेतल्यानंतर शिक्षक आकडे सोडून डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या वाद्याकडे, लक्ष द्यायला सांगतात. दहाव्या मात्रेला डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो, चार मात्रा ठेका कोरडाच चालतो आणि चौदाव्या मात्रेला घुमारा परतला, की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, अवघ्या तीन मात्रांवर आलेली असते. हे एकदा कानाला कळले, की लांबवर गेलेला गायक आता समेवर कसा येणार, याची उत्सुकता वाटू लागते. माझी मान पहिल्यांदा आपोआप हलली ती पाचव्या पाठात, आणि खरे सांगायचे तर तीही एक मात्रा आधीच.

रागांच्या पाठांत भूप आणि देशकार शेजारी ठेवले आहेत. दोन्हींत मध्यम (म) आणि निषाद (नी) वर्ज्य, स्वर तेच पाच. परंतु भूप गांधारावर (ग) विसावतो, तर देशकारात धैवताचे (ध) वजन अधिक असते. राग म्हणजे नुसती स्वरांची यादी नव्हे, हे या दोन ध्वनिमुद्रणांमुळे जितके पटले, तितके थाटांच्या, म्हणजे स्वरांवरून केलेल्या रागांच्या वर्गवारीच्या, तक्त्याने पटले नसते. तानपुऱ्यावरचा पाठ ठीक आहे, जरा लांबला आहे.

आठव्या पाठापासून मात्र घसरण सुरू होते. विलंबित ख्यालाचे, म्हणजे अतिशय संथ लयीत राग उलगडणाऱ्या गायनप्रकाराचे, दोन-दोन मिनिटांचे तुकडे ऐकवले आहेत. विलंबित एकतालाचे १२ मात्रांचे एक आवर्तनच पाऊण मिनिटाहून अधिक चालू शकते; अशा तुकड्यात दोन-तीनदा मुखडा, म्हणजे बंदिशीचा समेवर आणणारा सुरुवातीचा तुकडा, ऐकू येतो आणि रागाची बढत, म्हणजे स्वरास्वराने होणारा विस्तार, जिच्यासाठी ख्याल ऐकायचा, ती सुरू होण्याआधीच कापली जाते. याबद्दल विचारणा केली असता, नवख्यांना कंटाळा येतो, असे उत्तर मिळाले. शेवटच्या ‘राग ओळखा’ परीक्षेत पाठांमधलेच तुकडे असल्यामुळे मी बंदिशींच्या शब्दांवरून राग सांगितले आणि पूर्ण गुण मिळवले.

ज्याला सम सापडत नाही, त्याने हा अभ्यासक्रम पहिल्या सात पाठांसाठी जरूर घ्यावा; पुढे मात्र सलग, संपूर्ण ध्वनिमुद्रणे स्वतःच ऐकावीत. मी यमनची एक मैफल तशी ऐकली. गायिका तार षड्जाच्या (वरच्या ‘सा’च्या) अलीकडे, निषादावर, पुन्हापुन्हा थांबत राहिली आणि तो षड्ज लागला पंचविसाव्या मिनिटाला. अभ्यासक्रमातल्या यमनच्या तुकड्यात तो पहिल्या दहा सेकंदांतच येऊन जातो.