बॉयलर देखभाल योजना : तीस महिने, चार भेटी आणि पुदिन्याची एक कुंडी

इंग्लंडमध्ये घर घेतले की पहिल्या आठवड्यातच बॉयलरच्या देखभाल योजनांची पत्रके दारातून आत पडू लागतात. रेडिंगमधील आमच्या तीन खोल्यांच्या जोडघरात आधीच्या मालकाने बसवलेला तीस किलोवॅटचा कॉम्बी बॉयलर (खोल्यांतील रेडिएटर आणि नळाचे पाणी दोन्ही तापवणारे गॅसचे यंत्र) होता आणि त्याचे वय दहाच्या पुढे गेले होते, त्यामुळे जुलै २०२२मध्ये आम्हीही अशी एक योजना घेतली. महिना २२ पौंड, त्याशिवाय दुरुस्तीच्या प्रत्येक भेटीमागे ६० पौंड आणि वर्षातून एक सर्व्हिस मोफत, असे तिचे स्वरूप होते. ती आम्ही डिसेंबर २०२४मध्ये बंद केली. कंपनीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण ज्या त्रुटीबद्दल मी लिहीत आहे ती मला एका कंपनीपेक्षा या योजनांच्या रचनेत अधिक दिसते.

आधी चांगला अनुभव सांगतो. डिसेंबर २०२२च्या कडाक्याच्या थंडीत एका पहाटे बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडला. या देशातील आधुनिक बॉयलर ज्वलनातून निघणाऱ्या वाफेचे पाणी करून तिच्यातील उष्णताही वापरतात आणि ते पाणी एका प्लास्टिकच्या नळीतून बाहेर सोडतात. ही नळी भिंतीबाहेरून जात असेल तर कडक थंडीत तिच्यात बर्फ होतो, पाणी मागे तुंबते आणि बॉयलर स्वतःला कुलूप लावून घेतो. योजनेच्या मदतकेंद्रातील बाईंनी फोनवरच लक्षणे विचारली, नळीवर उकळते नव्हे तर कोमट पाणी ओतायला सांगितले आणि त्यानंतर बॉयलर रीसेट कसा करायचा तेही सांगितले. वीस मिनिटांत घर तापू लागले. तरीही घरात वृद्ध व्यक्ती आहे हे कळल्यावर त्यांनी त्याच दुपारी माणूस पाठवला. त्याने बाहेरच्या नळीला जाड आवरण चढवले आणि त्या भेटीचे ६० पौंडही कंपनीने लावले नाहीत. पहिल्या हिवाळ्यात ही योजना मी तीन ओळखीच्या कुटुंबांना सुचवली, याचे कारण तो दिवस होता.

खरा प्रश्न ऑक्टोबर २०२४मध्ये निर्माण झाला. हीटिंग सुरू करण्याच्या दिवसांत सकाळी उठल्यावर बॉयलरच्या पडद्यावर पाण्याचा दाब कमी असल्याचा संकेत येऊ लागला. गेजवर ०.३ बार एवढाच दाब दिसे, जो थंड स्थितीत एक ते दीड बारच्या दरम्यान असायला हवा. खालच्या फिलिंग लूपची, म्हणजे यंत्रणेत नळाचे पाणी भरणाऱ्या जोडनळीची, चावी उघडून मी दाब १.३पर्यंत आणत असे, बॉयलर चालू होई, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काटा पुन्हा तळाला असे. तक्रार नोंदवल्यावर पहिला इंजिनिअर आला. त्याने पाणी भरले, जिन्याखालच्या रेडिएटरचा एक नट आवळला आणि पंधरा मिनिटांत तो गेला. आठ दिवसांनी दुसरा आला. त्याने गळती बुजवणारे रसायन पाण्यात सोडले आणि जमिनीखालच्या पाइपांत गळती असावी, तसे असेल तर लाकडी फरशी उचलावी लागेल व तो खर्च योजनेत बसत नाही, असे सांगितले. तिसऱ्याने बॉयलरचे वय विचारले, मान हलवली आणि नव्या बॉयलरचे २,९०० पौंडांचे अंदाजपत्रक त्याच संध्याकाळी ईमेलने आले. प्रत्येक भेटीचे ६० पौंड मात्र वेगळे लागले.

या तिघांपैकी एकानेही मला एक साधा प्रश्न विचारला नाही, तो म्हणजे हीटिंग जोरात चालू असताना काटा कुठे असतो. तो २.८पर्यंत चढत असे. जो दाब रात्री २.८ आणि सकाळी ०.३ असतो, त्याचे दुखणे बहुधा फरशीखाली नसते. साधी गळती असेल तर काटा दिवसरात्र हळूहळू उतरत जातो, घर तापलेले असो की थंड. काटा तापल्यावर उसळतो आणि निवल्यावर कोसळतो, तेव्हा संशय एक्सपान्शन व्हेसलवर, म्हणजे तापून फुगलेले पाणी सामावून घेणाऱ्या डब्यावर, घ्यायचा असतो. उलट बॉयलर थंड असतानाच दाब आपोआप चढत असेल, तर फिलिंग लूपची चावी नीट बंद होत नाही असे समजावे. इतके ज्ञान मला आज आहे. तेव्हा नव्हते, आणि ज्यांना असायला हवे होते त्यांनी ते वापरले नाही.

या व्हेसलचे काम थोडक्यात असे. रेडिएटर, पाइप आणि बॉयलर मिळून घरात साधारण शंभर लिटर पाणी कोंडलेले असेल, तर ते दहा अंशांवरून सत्तर अंशांपर्यंत तापताना सुमारे दोन लिटरने फुगते. या वाढीव पाण्याला जागा हवी म्हणून बॉयलरमध्ये एक धातूचा डबा असतो. त्यात रबरी पडद्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबाखाली भरलेली हवा किंवा नायट्रोजन असतो. पाणी फुगले की पडदा हवेकडे दबतो. वर्षानुवर्षे ती हवा सायकलच्या ट्यूबसारखी हळूहळू निघून जाते, मग फुगलेल्या पाण्याला जागाच उरत नाही, दाब तीन बारला पोचतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी घराबाहेर टाकतो. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचेच हे तत्त्व आहे. रात्री इतके पाणी बाहेर गेल्यावर सकाळी निवलेल्या यंत्रणेत दाब उरणार कुठून?

या बाहेर पडणाऱ्या पाण्याचा शोध खरे तर सासूबाईंनी लावला होता. कोल्हापूरहून चार महिन्यांसाठी आलेल्या त्यांनी मागच्या दारी, भिंतीतून बाहेर आलेल्या एका तांब्याच्या नळीखाली, पुदिन्याची कुंडी ठेवली होती. "अहो, या कुंडीला मी पाणी घालत नाही, तरी माती रोज ओली कशी असते?" असे त्यांनी मला दोनदा विचारले आणि मी दोन्ही वेळा इंग्लंडच्या पावसाकडे बोट दाखवले. (रेडिएटरच्या पाण्यात गंज रोखणारे रसायन असते हे कळल्यावर तो पुदिना चटणीत न जाता कचऱ्यात गेला, आणि याबद्दल मला अजूनही ऐकावे लागते.)

शेवटी शेजाऱ्यांनी एका स्वतंत्र इंजिनिअरचा क्रमांक दिला. आल्याबरोबर त्याने आपले गॅस सेफ रजिस्टरचे (गॅसच्या उपकरणांवर काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदणीचे) ओळखपत्र दाखवले. हे पत्र मागून पाहणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि त्याच्या मागील बाजूस त्या व्यक्तीला कोणत्या उपकरणांवर काम करण्याची पात्रता आहे तेही छापलेले असते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्याने बॉयलरचे झाकण उघडण्याआधीच हीटिंग पूर्ण तापमानावर लावायला सांगितले आणि काट्याकडे पाहत दहा मिनिटे गप्पा मारल्या. मग तो मागच्या दारी गेला, तांब्याच्या नळीच्या तोंडाला कोरडा टिश्यू लावला आणि भिजलेला टिश्यू मला दाखवला. आत येऊन त्याने बॉयलर निवू दिला, पाण्याचा दाब पूर्ण शून्यावर आणला आणि मगच व्हेसलच्या छोट्या व्हॉल्व्हला गेज लावला. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पाण्याचा दाब शिल्लक असताना मोजले तर गेज हवेचा नव्हे, पाण्याचाच दाब दाखवतो. हवा जवळजवळ नव्हती. व्हॉल्व्हमधून पाणी आले नाही, म्हणजे पडदा शाबूत होता. त्याने पंपाने ०.७५ बारपर्यंत हवा भरली. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र बदलला, कारण तो अनेकदा उघडला की त्याच्या बैठकीवर कचरा अडकतो आणि पुढे तो कमी दाबालाही ठिबकत राहतो. सगळ्याला सव्वा तास लागला आणि भागासह १४५ पौंड झाले.

आता हिशेब. तीस महिन्यांचे ६६० पौंड आणि ऑक्टोबरमधील तीन भेटींचे १८० मिळून ८४० पौंड आम्ही योजनेला दिले. त्यात दोन वार्षिक सर्व्हिसही झाल्या हे मान्य करायला हवे. स्वतंत्र इंजिनिअरकडून त्या करून घेतल्या असत्या तर शंभर पौंडांच्या आसपास प्रत्येकी गेले असते. परंतु दोन्ही वेळा आलेला माणूस धुराच्या वायूंचे मोजमाप घेऊन वीस मिनिटांत निघून गेला होता. आमच्या बॉयलरच्या पुस्तिकेत वार्षिक सर्व्हिसच्या यादीतच व्हेसलमधील हवेची तपासणी लिहिलेली आहे. ती २०२३मध्ये केली असती तर ऑक्टोबरमधील नाटक झालेच नसते.

दोष योजनेकडून आलेल्या त्या इंजिनिअर मुलांचा आहे असे मला वाटत नाही. दिवसाला ठरावीक घरे उरकायची असतील तर पाणी भरून संकेत घालवणे हाच कामाचा शेवट ठरतो, आणि पुढच्या वेळी तोच माणूस येत नसल्यामुळे आधीच्याने काय पाहिले हे कोणाला माहीत नसते. तिघांपैकी दोघांकडे आधीच्या भेटीची नोंद होती, पण तिच्यात 'दाब वाढवला, बॉयलर सुरू' एवढेच शब्द होते.

योजना घेणाऱ्यांनी अटींमधील अपवाद आधी वाचावेत. आमच्या योजनेत गाळामुळे आणि क्षारांमुळे होणारे नुकसान वगळलेले होते. रेडिंगचे पाणी खडूच्या खडकांतून येणारे, कमालीचे जड, म्हणजे क्षारयुक्त, पाणी आहे. किटलीत महिनाभरात पांढरा थर बसतो, तसाच तो कॉम्बीमध्ये नळाचे पाणी तापवणाऱ्या भागात, हीट एक्सचेंजरमध्येही बसतो. म्हणजे या भागात जो बिघाड सर्वांत संभवनीय, तोच संरक्षणाबाहेर. रेडिएटर खालून थंड आणि वरून गरम असेल तर तेही गाळाचेच लक्षण, म्हणजे तोही खर्च आपलाच. वरून थंड असेल तर फक्त हवा अडकलेली असते आणि ती छोट्या चावीने कोणालाही काढता येते. त्यासाठी ६० पौंड देऊन माणूस बोलावू नये. बॉयलरचे झाकण काढून करायचे काम मात्र नोंदणीकृत व्यक्तीचेच आहे. गॅसचा वास आला तर योजनेच्या मदतकेंद्राच्या रांगेत थांबू नये, ०८०० १११ ९९९ हा राष्ट्रीय आपत्कालीन क्रमांक मोफत आहे.

घर भाड्याने दिलेल्यांना, किंवा नोकरीमुळे महिनोन्‌महिने भारतात राहणाऱ्यांना ही योजना मी आजही सुचवेन, कारण रात्री अकराला फोन उचलणारे कोणीतरी असणे याला त्यांच्या दृष्टीने किंमत आहे. जे घरातच असतात आणि ज्यांना एक विश्वासू इंजिनिअर माहीत आहे, त्यांनी महिन्याचे २२ पौंड बाजूला टाकत जावे.

योजना बंद करण्यासाठी फोन केला तेव्हा कंपनीने आधी १८, मग १५ पौंडांचा दर देऊ केला आणि कारण विचारले. मी व्हेसलपासून पुदिन्यापर्यंत सगळे सविस्तर सांगितले. पलीकडच्या तरुणाने शांतपणे ऐकून घेतले. दोन दिवसांनी योजना बंद झाल्याचा ईमेल आला, त्यात कारणापुढे 'ग्राहकाने घर बदलले' अशी नोंद होती.