मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट, आठ महिन्यांनंतर: ‘मटेरियल’ या एका शब्दाचा घोळ

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आमच्या दुसऱ्या साइटवर सुतारांची गँग येऊन उभी होती आणि ठोकायला सेंट्रिंगच (ओला स्लॅब खालून पेलणाऱ्या प्लेटा आणि त्यांचे टेकू, म्हणजे जॅक) नव्हतं. ते होतं पहिल्या साइटवर, पाच दिवसांपूर्वी ओतलेल्या स्लॅबखाली. मुकादमांचा फोन आला, “ताई, खालचे जॅक काढून आणू का?” हॉलचा स्पॅन, म्हणजे आधारांमधलं अंतर, पाच मीटरच्या वर. मी नाही म्हटलं. सहा जणांची हजेरी फुकट भरली. त्या संध्याकाळी कुणी विचारलं असतं तर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरला एक स्टार दिला असता.

आज चार देतेय.

आमचं काम छोटं. कराडजवळ एका वेळी दोन-तीन बंगले. भाऊ साइट बघतो, बिलं आणि वेळापत्रक माझ्याकडे. सुतारांची एकच गँग, बारबेंडरच्या (सळई बांधणाऱ्यांच्या) दोन, सेंट्रिंगचा सेट एक. डेस्कटॉप आवृत्ती घेतली ती रिसोर्स लेव्हलिंगसाठीच. १९५०च्या दशकात ड्यूपाँट कंपनीत घडलेली क्रिटिकल पाथची मूळ पद्धत कुठलं काम कशाच्या आधी एवढंच बघते. माणूस मोकळा आहे का, हे तिच्या हिशेबात नसतं. लेव्हलिंग ते बघतं. एकच गँग दोन ठिकाणी लागली, तर एक काम पुढे ढकलतं.

मग आमचं सेंट्रिंग दोन ठिकाणी कसं लागलं? ज्यांच्याकडून लायसन्स घेतलं त्यांना विचारलं, तर तीन आठवडे ‘बघून सांगतो’, आणि शेवटी ‘वरचा प्लॅन घ्या’. पैसे भरणार होते, खरंच. पण आधी रिसोर्स शीट ओळीओळीने तपासली आणि चूक सापडली.

आपल्याकडे सगळे ‘सेंट्रिंगचं मटेरियल’ म्हणतात. म्हणून मीही टाइपमध्ये ‘मटेरियल’ निवडलं होतं. प्रोजेक्टमध्ये मटेरियल म्हणजे वापरून संपणारी वस्तू: सिमेंट, वाळू, सळई. लेव्हलिंग तिच्याकडे बघतच नाही, ते फक्त ‘वर्क’ प्रकारच्या रिसोर्सचं होतं, म्हणजे माणसं आणि यंत्रं. सेंट्रिंग संपत नाही. ते अडकतं आणि सुटतं. ते ‘वर्क’मध्येच टाकायला हवं.

याहून मोठी चूक लॅगची. स्लॅब ओतणे आणि सेंट्रिंग खोलणे यांच्यामध्ये मी १४ दिवसांचा लॅग टाकला होता. लॅग म्हणजे नुसतं थांबणं, त्याला रिसोर्स लावता येत नाही. आपल्या धंद्यात तर त्या थांबण्यातच सगळं अडकलेलं असतं! आता लॅग काढून ‘स्लॅब टेकूवर’ नावाचं वेगळं काम घातलंय आणि त्याला जॅक लावलेत. या कामाला आणि जॅकनाही रविवारही मोजणारं कॅलेंडर द्या. नाहीतर सहा दिवसांच्या आठवड्यात १४चे १६ दिवस होतात. कॉंक्रीटला ताकद तर रविवारीही येतच असते.

इथवर आल्यावर आयएस ४५६, म्हणजे कॉंक्रीटच्या कामाचं भारतीय मानक, उघडलं. साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्यावर १४. बीमचे सहा मीटरपर्यंत १४, त्यावर २१. पण स्लॅबच्या प्लेटा ३ दिवसांनी काढता येतात, टेकू लगेच परत लावणार असाल तरच. (आम्ही पीपीसी, म्हणजे पोझोलाना मिसळलेलं सिमेंट वापरतो, म्हणून इंजिनियरना विचारून दिवस वाढवून धरतो.) म्हणजे प्लेटा आणि जॅक हे दोन वेगळे रिसोर्स! दोन्ही एकत्र धरले तेव्हा तिसऱ्या बंगल्याचा स्लॅब २६ दिवस पुढे जात होता. वेगळे केले, जॅकचे मॅक्स युनिट्स १०० टक्क्यांचे २०० केले, म्हणजे जॅकचे दोन सेट धरले, आणि लेव्हल ऑल दाबलं. ८ दिवस! त्या रात्री भावाला झोपेतून उठवून दाखवलं. दुसऱ्या आठवड्यात फक्त जॅक घेतले, प्लेटा एकही वाढवली नाही. अख्खा दुसरा सेट घेण्याचे पैसे वाचले.

एक स्टार का कापला? लेव्हलिंग फक्त ढकलतं. एक बारबेंडर गँग अडकली तर मोकळी असलेली दुसरी लावावी, हे त्याला सुचत नाही. तो बदल आपणच करायचा. आणि लेव्हलिंगच्या पर्यायांमध्ये काम तोडून स्प्लिट करण्याची खूण असते, ती आधी काढा. स्लॅब अर्धा ओतून उरलेला परवा, असं वेळापत्रक काय कामाचं? प्रायोरिटी मात्र मनापासून आवडली. ० ते १०००, मुळात ५००, आणि १००० दिलेलं काम लेव्हलिंग हलवत नाही. दुसऱ्या बंगल्याच्या गृहप्रवेशाचा मुहूर्त ठरलेला होता, त्याच्या कामांना ९०० दिलं आणि मुहूर्त साधला.

आता दर सोमवारी रिसोर्स युसेजच्या (काय कधी कुठल्या कामाला लागलंय त्याच्या) पानाचा फोटो मुकादमांना पाठवते. काल त्यांचाच फोन आला, “ताई, गुरुवारी सुटणारे जॅक तिसरीकडं नेऊ ना?” मी फाइल उघडून बघितली. गुरुवारच होता.