दहा मीटर : स्वतःची एअर रायफल घ्यावी की एअर पिस्तूल?

नेमबाजीच्या क्लबमध्ये दहा मीटरवरच्या टार्गेटवर क्लबची वेपन्स वापरून काही महिने झाले, हात थोडा बसला, छर्रे टार्गेटच्या काळ्या वर्तुळात पडायला लागले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. स्वतःचं घ्यायचं तर काय घ्यायचं? राज्य स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांना याचं उत्तर त्यांचे कोच देतात, त्यामुळे हा लेख त्यांच्यासाठी नाही. मी लिहितोय ते नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी किंवा रविवारी रेंजवर येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. मी आधी रायफल घेतली होती, काही वर्षं मनापासून केली, आणि आता पिस्तूल करतो. दोन्हींवर जीव आहे. तरी कल कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच.

परवान्याच्या बाबतीत दोन्ही सारखीच. ४.५ मिलिमीटर कॅलिबर आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, आणि दहा मीटरची स्पर्धेची वेपन्स या मर्यादेच्या निम्म्याहूनही खाली असतात. विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो, तो द्या. बिलाची एक प्रत कायम केसमध्ये असू द्या. रस्त्यात किंवा स्टेशनवर कुणी विचारलं तर तोंडी समजावण्यापेक्षा कागद दाखवणं सोपं जातं.

रायफलीची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. पहिली गोष्ट म्हणजे महाराष्ट्रात रायफल शिकवणारी माणसं आहेत. अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे या पिढीने इथे रायफलीची एक परंपरा उभी केली. सुमाताईंनी २००४ मध्ये आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण केले होते, आणि आज पनवेलला त्या स्वतः मुलं घडवतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (झोपून नेम धरण्याचा प्रकार) जगज्जेत्या झाल्या, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला दहा मीटरचा जगज्जेता झाला, आणि स्वप्नील कुसाळेने तर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं. ही सगळी रायफलीचीच नावं. पिस्तुलात राही सरनोबत आहेत, पण त्यांचा मुख्य प्रकार २५ मीटरचा. याचा व्यवहारातला अर्थ असा, की तुमच्या गावात एकच रेंज असेल तर तिथला कोच रायफलीचा असण्याची शक्यता जास्त. हे हलकं घेऊ नका. चांगला कोच हाताशी असेल तर पुढचं सगळं वाचूनही रायफल घेतलीत तरी तुमचं चुकणार नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. रायफलीला नेम धरायला मागे डायॉप्टरचं बारीक छिद्र आणि पुढे रिंग. बारीक छिद्रातून पाहिलं की फोरसाईट, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकाची साईट, आणि टार्गेट दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात, त्यामुळे चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसालाही फारसा त्रास होत नाही. पिस्तुलाची साईट उघडी असते. हात लांब केल्यावर फोरसाईट जिथे येते नेमकी तिथे नजर धरायची आणि टार्गेट धूसर राहू द्यायचं, असं ते तंत्र. पंचेचाळिशीतल्या डोळ्याला हे आपसूक जमत नाही. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पिस्तुलासारखा हात पुढे धरून बसलो आणि त्या अंतरासाठी लेन्स करून घेतली. दूरच्या नंबरात साधारण अर्धा ते पाऊण प्लस मिळवला की बहुतेकांचं काम होतं, पण तपासून घ्या. हा खर्च आणि ही खटपट पिस्तुलाच्या खात्यात मांडायलाच हवी.

तिसरी गोष्ट समाधानाची. रायफलीचा दहा, म्हणजे टार्गेटवरचा दहा गुणांचा मधला भाग, हा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, पिस्तुलाचा दहा साडेअकरा मिलिमीटरचा. आकडे पाहून पिस्तूल सोपं वाटतं, पण सुरुवातीला अनुभव अगदी उलटा येतो. रायफल खांद्याला टेकते, गालाला लागते, डावं कोपर कमरेवर विसावतं. अंगाच्या आधारावर ती स्थिर होते आणि महिन्याभरात नऊ-दहा दिसायला लागतात. पिस्तुलाला आधार नाही. किलोभर वजन एका हाताच्या टोकाला, आणि ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा असा नियम. रायफलीच्या ट्रिगरला अशी मर्यादाच नाही, तो जवळजवळ विचार केला तरी सुटतो. पिस्तुलात तो अर्धा किलो ओढताना साईट हलू न देणं हीच सगळी विद्या. पहिले काही महिने छर्रे सातात, कधी काळ्याबाहेर पांढऱ्यातल्या सहा-पाचातही जातात. ज्याला लवकर फळ दिसलं नाही तर मन लागत नाही, त्याने रायफलच घ्यावी, हे मी मनापासून सांगतो.

एवढं सगळं असूनही मी रायफल सोडली ती एकाच कारणाने, आणि ते कारण म्हणजे किट.

ज्यांनी क्लबमध्ये टी-शर्टवर रायफल चालवली आहे त्यांना याची अजून पूर्ण कल्पना नसते. रायफलीचं नेमबाजीचं जॅकेट कॅनव्हासचं आणि चामड्याचं, जाड आणि ताठ असतं. त्याची जाडी अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, ताठपणाही यंत्राने तपासला जातो, म्हणजे नियम ते मऊ ठेवण्यासाठीच आहेत. तरीही अंगात चढवल्यावर खाली वाकून बुटाची नाडी बांधता येत नाही. सोबत तशीच पँट, सपाट तळव्यांचे बूट, डाव्या हातात जाड ग्लोव्ह, आत घाम टिपायला पूर्ण बाह्यांचा बनियन. हे सगळं चढवायचं, पट्टे-बटणं लावायची, मग पोझिशन घ्यायची, मग लक्षात येतं की पँटचा वरचा पट्टा एक घर सैल आहे. तो नीट करेपर्यंत होल्ड, म्हणजे वेपन धरण्याची जमवलेली स्थिती, बदललेला असतो.

आता हे ठाण्यात, मे महिन्यात, संध्याकाळी सात वाजता करून पाहा. आमच्या भागातल्या बऱ्याच दहा मीटर रेंज म्हणजे एखादा गाळा किंवा शाळेचा हॉल. एसी असेलच असं नाही. वीस-पंचवीस शॉट झाले की पाठीवरून धारा लागतात, कॅनव्हास ओलं होतं, आणि ओलं कॅनव्हास कोरड्यासारखं बसत नाही. पहिल्या दहा शॉटना जी कंबर सापडली होती ती चाळिसाव्या शॉटला तिथे नसते. कोच म्हणतात, सवय होते. मुलांना होते. मला झाली नाही. पावसाळ्यात वेगळंच. जॅकेट वाळत नाही, घडी घालून ठेवलं तर चार दिवसांत बुरशीचा वास येतो. सिलिका जेलच्या पिशव्या, पंख्याखाली टांगणं, आठवड्याला ब्रशने झटकणं, हे सगळं केलं. खेळापेक्षा कपड्यांची काळजी जास्त होऊ लागली.

आणि वेळेचं काय? लेन तासाची मिळते. ऑफिसमधून लोकलने उतरून रेंजवर पोहोचायला आधीच उशीर. कपडे चढवणं, अंग मोकळं करणं, शेवटी सगळं उतरवून बॅगेत कोंबणं, यात तासातला मोठा वाटा जातो. उरलेल्या वेळात दमलेल्या माणसाने घाईघाईने मारलेले शॉट शिकवत काहीच नाहीत. पिस्तुलाला लागतं काय? सपाट बूट, चष्मा, कानाला प्लग. ऑफिसच्या शर्टात उभं राहून पाच मिनिटांत पहिला शॉट जातो.

खरा फरक मात्र घरी पडतो. नेमबाजीत निम्मं शिक्षण ड्राय प्रॅक्टिसमध्ये होतं, म्हणजे छर्रा न घालता साईट धरणं आणि ट्रिगर सोडणं. दोन्ही वेपन्समध्ये त्याची सोय असते. पण रायफलीची ड्राय प्रॅक्टिस जॅकेटशिवाय केली तर शरीराला वेगळाच तोल लागतो, जो रेंजवर उपयोगी पडत नाही. जॅकेट घालून केली तर वर सांगितलेला सगळा प्रपंच घरातल्या हॉलमध्ये मांडायचा. मी ते काही दिवस केलं, मग एक दिवसाआड झालं, मग फक्त रविवारी, आणि मग बंद. पिस्तूल जेवणाआधी काढलं, छर्ऱ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत असल्याची खात्री केली, चेंबर रिकामं आहे ते डोळ्यांनी पाहिलं आणि पांढऱ्या भिंतीकडे पंधरा मिनिटं साईट धरली, एवढंच लागतं. हे मी आजही जवळजवळ रोज करतो. माझं पिस्तुलातलं जे काही सुधारलं ते त्या भिंतीसमोर सुधारलं. मोजून सिद्ध करता येणार नाही, पण मला खात्री आहे.

शरीराचा विचार दोन्हीकडे करावा लागतो. रायफलीत उभ्या पोझिशनला कंबर एका बाजूला काढून पाठ मागे झुकवतात, आणि ५.५ किलोपर्यंतचं वजन त्यावर. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाची कंबर दुखू शकते. पिस्तुलात खांदा आणि कोपर सांभाळावं लागतं, विशेषतः सुरुवातीला हुरूप जास्त असतो तेव्हा. ज्याचा खांदा आधीच धरलेला आहे त्याने पिस्तूल घेण्याआधी फिजिओथेरपिस्टला विचारावं.

खर्चात पिस्तूल स्वस्त पडतं, हे स्पष्टच सांगतो. त्याच दर्जाची परदेशी रायफल मुळात महाग, वर जॅकेट, पँट, बूट, ग्लोव्ह, आणि वाढत्या वयात पोट वाढलं की जॅकेट पुन्हा नवं. छर्रे आणि हवा भरणं दोन्हीकडे सारखंच. ही वेपन्स त्यांना लावलेल्या छोट्या सिलिंडरमधल्या दाबाच्या हवेवर चालतात. बहुतेक सिलिंडर २०० बारला भरतात, आणि रेंजवर ती सोय नसेल तर हातपंपाने भरणं हा स्वतंत्र व्यायाम होतो, तेव्हा पैसे देण्याआधी आपल्या रेंजवर हवा कशी भरतात ते नक्की विचारा.

पिस्तूल घ्यायचं ठरलं तर मॉडेलच्या वादात फार पडू नका. मोरिनी, स्टायर, फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, पार्दिनी, या पाचांपैकी कुठलंही चांगल्या स्थितीतलं पिस्तूल आपल्यासारख्यांच्या गुणांच्या आड येणार नाही. मोरिनीच्या १६२ मध्ये इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा प्रकार मिळतो. त्याचा ट्रिगर फार स्वच्छ सुटतो, मला आवडतो, फक्त बॅटरीची आठवण ठेवावी लागते. यांत्रिक ट्रिगरवाल्यांचीही तक्रार नसते. खरी महत्त्वाची आहे ती ग्रिप. ती लहान, मध्यम, मोठी अशा मापात आणि डाव्या-उजव्या हाताची वेगळी येते. पिस्तूल हातात घ्या, डोळे मिटा, हात टार्गेटकडे उचला, डोळे उघडा. साईट सरळ दिसली तर ग्रिप तुमची. प्रत्येक वेळी एकाच बाजूला वाकडी दिसत असेल तर पॉलिश पेपर आणि लाकडाची पुट्टी घेऊन बसावं लागेल, किंवा दुसरी ग्रिप मागवावी लागेल.

वापरलेलं घेताना सिलिंडरवरची तारीख पाहा. या सिलिंडरना मुदत असते, बऱ्याचदा दहा वर्षांची, आणि मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत अडतो. मुदतीतला सिलिंडर लावणं ही नेमबाजाची स्वतःची जबाबदारी, असं नियमच म्हणतो. दोन सिलिंडर बदलायचे म्हटले तर स्वस्तात मिळालेलं पिस्तूल स्वस्त राहत नाही. त्यात २०० बारच्या दाबाची वस्तू चेहऱ्याजवळ धरायची, तेव्हा स्पर्धेला जाणार नसलात तरी तारीख पाळाच. विक्रेता म्हणेल "काही होत नाही साहेब." त्याला किंमत कमी करायला सांगा आणि नवीन सिलिंडरचा हिशोब त्यात धरा.

रायफल कुणी घ्यावी तेही सांगतो. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल आणि पुढे ते शिकणार असेल, रेंजला चांगला एसी असेल, कोच रायफलीचा असेल, आणि सकाळी दोन तास मोकळे मिळत असतील, तर रायफलीइतकं शांत करणारं दुसरं काही नाही. सगळं जुळून आलं आणि साठ शॉट लागोपाठ तसेच गेले, की जो आनंद होतो तो मला पिस्तुलात अजून मिळालेला नाही. पुण्या-नाशिकची कोरडी हवा असेल तर माझा किटबद्दलचा अर्धा आक्षेप गळूनही पडेल. किनारपट्टीवर राहणाऱ्या, सातला ऑफिसमधून सुटणाऱ्या माणसाला मात्र मी पिस्तूलच सुचवेन.

तरीही मन रायफलीकडेच ओढत असेल तर पैसे भरण्याआधी एक करा. क्लबमधल्या तुमच्या मापाच्या कुणाकडून पूर्ण किट मागून घ्या, जॅकेटसकट, पँटसकट. ऑफिस सुटल्यावर, उकाड्याच्या दिवसात, ते चढवून साठ शॉट पूर्ण करा. शेवटचे वीस शॉट कसे गेले ते पाहा, आणि दुसऱ्या दिवशी तेच किट पुन्हा चढवावंसं वाटतं का, तेही. वाटलं तर बिनधास्त रायफल घ्या.