फोर-टेन मस्केट: खांद्यावर वागवलेल्या माणसाचा अभिप्राय

सातारा जिल्ह्यात शिपाई म्हणून लागलो, हवालदार म्हणून निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षं ही बया, म्हणजे फोर-टेन (.410 इंच नळीची) पोलिसी बंदूक, खांद्यावर होती. दिसायला हुबेहूब थ्री-नॉट-थ्री, म्हणजे .303 ची ली-एनफील्ड लष्करी रायफल. ट्रेझरी गार्डला, म्हणजे सरकारी खजिन्याच्या पहाऱ्याला, उभं राहिलं की येणारे-जाणारे जरा दबूनच चालायचे. त्यांना काय माहीत, हिच्या मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्यांच्या पेटीच्या, जागी लाकडाचा ठोकळा बसवलाय!

मूळ ली-एनफील्डमध्ये दहा गोळ्या मावतात. बंगालात ईशापूरच्या कारखान्यानं त्याच रायफलीला आतून गुळगुळीत नळी दिली, मॅगझिन बुजवलं आणि पोलीस व तुरुंग पहाऱ्यासाठी एकबारी, म्हणजे एका वेळी एकच गोळी घेणारी, मस्केट काढली. काडतूसही मुद्दाम वेगळं. केस, म्हणजे काडतुसाची पितळी खोळ, थ्री-नॉट-थ्रीचीच, पण मान न आवळता सरळ ठेवलेली. काडतूस पळवलं तरी लष्करी रायफलीत बसणार नाही. 1857 नंतर गोऱ्यांनी देशी माणसाच्या हातात एक पायरी खालचंच हत्यार ठेवलं, त्याच डोक्यातून ही निघाली. गंमत म्हणजे गोरा गेला, ही राहिली. आमच्या कोतात, म्हणजे शस्त्रकोठीत, दोन शेजारी-शेजारी असायच्या. एकीच्या गळ्यावरच्या लोखंडी पट्टीवर मुकुट आणि जी.आर.आय. ही इंग्रज राजाची अक्षरं, दुसरीवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह. बाकी स्क्रूसकट सगळं तेच.

हाताळायला दणकट, चारेक किलोची. बोल्ट पुढे नेताना शेवटी स्प्रिंग अडते, कारण ही बंद होताना कॉक होते, म्हणजे घोडा तेव्हाच ताणला जातो. नवी पोरं नेमकी तिथं थांबायची आणि ओरडायची, "दादा, जाम झाली!" जाम कसली, तळहाताची टाच लावून एकदम रेटायचं. दस्त्याच्या पितळी टाचेला झाकण आहे, आत तेलाची कुपी आणि पुल-थ्रू, म्हणजे नळी पुसायची दोरी. जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला नळीला गंज आणतो, म्हणून फायरिंग झालं की आधी उकळतं पाणी ओतायचं, मग चिंधी, मग तेल. एक साहेब होते, त्यांनी नळीत कधी डोकावलं नाही. पितळ ब्रासोनं चमकतंय का, तेवढं बघायचे.

नेमाचं विचारू नका. गोळीला फिरकीच नाही, तर लांबचं काय लागणार? नेम धरायच्या मागच्या पट्टीवर मात्र 2000 वारांपर्यंतचे आकडे तसेच! पण मोती चौकात विसर्जनाच्या गर्दीत मला हीच बरी वाटायची. थ्री-नॉट-थ्रीची गोळी भिंतीतून पलीकडच्या घरात जाते, तिथं हिचा तोकडेपणा कामाचा. सशस्त्र माणसापुढे मात्र ही नकोच. 26 नोव्हेंबर 2008 ला सीएसटीवर एके-47 पुढे जुन्या रायफली घेतलेली आमची माणसं उभी होती, ते आठवलं की अजून राग येतो. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर थ्री-नॉट-थ्रीला 2020 च्या प्रजासत्ताक दिनी निरोप दिला. किती उशीर!

बंदोबस्ताला पाचपैकी तीन, लढाईला शून्य.

गावाकडचे शेतकरी विचारतात, "मामा, रानडुकराला असली मिळंल का?" थ्री-नॉट-थ्री आणि ही मस्केट, दोन्ही निषिद्ध बोअरमध्ये येतात, साध्या परवान्यावर मिळत नाहीत. आणि कुठं मस्केट हाती आलीच, तरी दुकानातलं छर्ऱ्याचं फोर-टेन काडतूस तिच्यात घालू नका. हिच्या काडतूस बसायच्या खोलीचं माप वेगळं आहे.