पहिल्या सर्व्हिसिंगचे बिल मिळाले, ऑइल मात्र जुनेच राहिले

दिवाळी पाडव्याला मी 125 सीसीची नवी मोटारसायकल घेतली. सोलापुरातील घरापासून चिंचोली एमआयडीसीपर्यंतची रोजची ये-जा आणि अक्कलकोटची एक फेरी यांत 700 किलोमीटर पूर्ण झाले आणि पहिल्या सर्व्हिसिंगची वेळ आली. ऑइल बदलणे आणि चेन ताणणे मला जमते, त्यामुळे हे काम घरीच करावे असे वाटत होते; परंतु वॉरंटी टिकण्यासाठी ठरलेल्या मुदतीत अधिकृत केंद्रातच सर्व्हिसिंग करून पुस्तिकेत शिक्का घेण्याची अट असल्याने मी गाडी तिथेच दिली. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. गाडी सोडून कामावर निघून गेलो, ही माझी चूक.

संध्याकाळी 1,140 रुपयांचे बिल हातात पडले. मजुरी मोफत होती. पैसे ऑइलचे, ऑइल फिल्टरचे आणि मी न सांगितलेल्या ‘इंजिन कोटिंग’चे होते. माझ्या मॉडेलमध्ये बदलायचा फिल्टर नसतोच, धुऊन परत बसवायची जाळी असते, हे मी रात्री पुस्तिकेत वाचले आणि संशय आला. सकाळी गाडी मधल्या स्टँडवर लावून पाहिले, तर ऑइल मोजायच्या काडीवरचे ऑइल काळेभोर होते, चेन पूर्वीइतकीच ढिली होती आणि जुने ऑइल काढण्यासाठी उघडायच्या, इंजिनाखालच्या ड्रेन बोल्टवर कारखान्यात मारलेली पिवळ्या रंगाची रेघ, वर साचलेल्या धुळीसकट, जशीच्या तशी होती. बोल्ट फिरवला असता तर ती रेघ तुटली असती.

मी कशालाही हात न लावता फोटो काढले आणि गाडी परत नेली. नवे ऑइलसुद्धा एका दिवसात काळे पडते, असे तिथल्या व्यवस्थापकांनी सांगितले. बोल्टचा फोटो दाखवल्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते. माझ्यासमोर बोल्ट उघडायला लावला, तेव्हा ट्रेमध्ये पडलेल्या ऑइलमध्ये धातूची चमक स्पष्ट दिसत होती. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरवर आणि गिअर एकमेकांवर घासून बसत असताना असा बारीक कीस सुटतो आणि तो बाहेर काढण्यासाठीच पहिले ऑइल लवकर बदलायचे असते. म्हणजे काही शे रुपयांसाठी माझ्या इंजिनाचे आयुष्य पणाला लावले गेले होते, याचा मला अतिशय संताप आला. ऑइल त्यांनी लगेच बदलले, मात्र फिल्टर आणि कोटिंगचे पैसे परत मिळाले ते राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यानंतरच.

आपली गाडी अधिकृत केंद्रातच द्यावी, पण जॉब कार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या कागदावर, लिहिलेले प्रत्येक काम सही करण्यापूर्वी वाचावे आणि नको ते तिथेच खोडायला लावावे. दुसऱ्या सर्व्हिसिंगला मी अर्ध्या दिवसाची रजा काढली, बोल्टवर मार्करने स्वतः खूण केली आणि ऑइलचा सीलबंद डबा माझ्या डोळ्यांदेखत उघडायला लावला.