पंचवटीतले मोटार रिवाइंडिंगवाले काका: चार स्टार
सोसायटीच्या पंपाचं वाइंडिंग सारखं जळायचं. आधीचा मेकॅनिक तांबं भरायचा, पैसे घ्यायचा, मोकळा. या काकांनी मोटार खोलून बेअरिंगजवळचा गंज बोटाने पुसून दाखवला. आत पाणी शिरतंय, कारण सील गेलंय. सील जातंय, कारण पंप कोरडा फिरतो. आणि कोरडा फिरतो, कारण सक्शन पाइपच्या तळाशी पाणी अडवून धरणारा फूट व्हॉल्व्ह गळून पाइप रिकामा होतो. अंबडला आमच्या कंपनीत हेच, मूळ कारण सापडेपर्यंत ‘का?’ विचारत जाणं, टोयोटाचं नाव घेऊन ‘व्हाय-व्हाय’ म्हणून तक्त्यावर लिहितात! नवा पंप घ्यायचा का विचारलं, तर म्हणाले, ‘कशाला?’ वाइंडिंगसोबत सील, फूट व्हॉल्व्ह बदलला, खालच्या टाकीत पाणी संपलं की पंप बंद करणारा फ्लोट स्विच टाकला. फोन मात्र उचलत नाहीत, आणि बिल म्हणजे चिटोऱ्यावरचे आकडे. आमचे खजिनदार अजून कुरकुरताहेत.